फ्लॅटमधली बालवाडी : ३ ते ७ वर्षांच्या मुलांना घरी शिकवताना

मुलाला घरीच शिकवायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. ऑनलाइन तीन-चार हजारांची ॲक्टिव्हिटी किट्स मागवली जातात आणि फ्रिजवर रंगीत वेळापत्रक चिकटतं. दोन्ही जरा थांबवा. ठाण्यातला वन बीएचके, वर-खाली शेजारी, पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारे कपडे आणि दुपारी झोपणारे आजोबा, एवढं सांभाळून काय जमतं आणि काय फसतं ते क्रमाने सांगते.

एक कसोटी सुरुवातीलाच सांगून ठेवते. तयार झालेल्या वस्तूत मुलाचा हात किती आणि तुमचा किती, एवढंच बघायचं. फॅमिली ग्रुपवर टाकण्याजोगं देखणं फुलपाखरू झालं असेल तर ते बहुधा आईने केलेलं असतं.

१. आधी कागदपत्रांचं आटपून घ्या

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे मूल ६ वर्षांचं होईपर्यंत शाळेत न घातल्याची चिंता करू नका, शेजारच्या काकू काहीही म्हणोत. सहानंतरचं मात्र नीट समजून घ्या. घरी शिकवण्याबद्दल या कायद्यात वेगळं कलम नाही. दहाव्या कलमात, मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं म्हटलंय, पण त्यासाठी पालकाला दंड किंवा शिक्षा सांगितलेली नाही. उद्या शाळेत घालावंसं वाटलं तर चौथं कलम उपयोगी पडतं: मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं तरी वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश मिळायला हवा. तेराव्या कलमाने मुलाची आणि पालकांची प्रवेशपरीक्षा-मुलाखत घ्यायलाही बंदी आहे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावी देता येते, त्यासाठी १४ वर्षं पूर्ण लागतात. ते अजून लांब आहे.

एका फोल्डरमध्ये एवढं ठेवा:

- महापालिकेचा जन्मदाखला. त्यावर मुलाचं नाव आहे ना ते बघा. बाळ झाल्या झाल्या घेतलेल्या दाखल्यावर ती जागा बऱ्याचदा कोरी असते आणि ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते.
- आधार. पाच वर्षांखालच्यांचं निळं बाल आधार असतं, त्यात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते अपडेट करून घ्यावं लागतं.
- लसीकरणाचं कार्ड.
- पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला करार.
- मुलाच्या कामाची फाइल. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

२. सामान : घरातून, रद्दीवाल्याकडून, मग दुकानातून

बोर्डीला, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे हेच साधन केलं. आपल्याला तर शिंपल्यांबरोबर ऑनलाइन खरेदीची पुठ्ठ्याची खोकीही आयती मिळतात.

घरातून: मोठी परात, दोन जुनी ताटं, वाट्या, गाळणी, चिमटा, लग्नपत्रिका, पुठ्ठे, बाटल्यांची झाकणं, जुनी चादर. रद्दीवाल्याकडून: एका बाजूने कोरे कागद आणि मासिकं. ऑफिसात प्रिंटर असेल तर हेही फुकट. विकत: बोथट टोकाची पण धार असलेली छोटी कात्री, जाड खडू, पोस्टर रंगांच्या फक्त तीन बाटल्या (लाल, पिवळा, निळा), एक जाड ब्रश, घोटीव कागद. घोटीव आणि पताकांचा कागद स्टेशनजवळ जांभळी नाक्याला गठ्ठ्याने स्वस्त पडतो. गणपती-दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी मात्र मुलाला घेऊन तिकडे फिरकू नका.

कात्री बोथट धारेची घेऊ नका. कागद कापला जाण्याऐवजी दुमडतो, मूल चिडतं आणि "याला कात्री जमत नाही" असं आपण ठरवून मोकळे होतो. डावखुऱ्या मुलासाठी डावखुरी कात्री वेगळी मिळते, ती घ्या.

चकाकी (ग्लिटर), थर्माकोलच्या गोळ्या आणि गरम गोंदाची बंदूक यांतलं काहीही घेऊ नका. चकाकी पुढच्या गणपतीपर्यंत सोफ्यात सापडत राहते.

३. जागा : एक मूल, एक परात

छोट्या फ्लॅटमधला सगळ्यात मोठा प्रश्न पसारा, आणि त्यावर परातीसारखा उपाय नाही. चादर अंथरायची, तिच्यावर परात, आणि जे काय ओतायचं, मळायचं, चुरायचं ते परातीच्या काठाच्या आत. तीन वर्षांच्या मुलाला "सांडू नको" समजत नाही, पण "काठाच्या बाहेर नाही" हे दोन-तीन दिवसांत समजतं, कारण काठ हाताला लागतो. रवा एका वाटीतून दुसरीत ओतणं, राजमा आणि छोले वेगळे करणं, चिमट्याने झाकणं उचलणं हे पहिले काही आठवडे पुरतं. मोठ्यांना कंटाळवाणं वाटेल. मूल तेच रोज मागेल, तर द्या. नवीन उपक्रमाची घाई बहुतेक वेळा आपल्यालाच असते.

रंगकाम बाथरूममध्ये. फरशीवर बसवून, समोरच्या टाइल्सवर पाणी-रंगाने रंगवू द्या आणि शेवटी पाण्याचा मग आणि ब्रश त्याच्याच हातात द्या, धुणं हा त्याच्या दृष्टीने उपक्रमाचा उत्तम भाग असतो. रवा, कणीक, माती बेसिनमध्ये धुऊ नका. पाईप तुंबला की प्लंबर तीनशे रुपये फक्त बघायचे घेतो.

दोन सोसायटीछाप सूचना. ठोकाठोक, उड्या, डबे बडवणं दुपारी २ ते ४ मध्ये नको. आणि फरशी पुसून मावशी दाराबाहेर पडायच्या आत पसारा काढू नका, तसंच "मावशी आवरतील" असंही म्हणू नका. आवरणं मुलाचं. अर्धं आवरलं तरी चालेल.

४. हाताची तयारी : फाडा, चुरगाळा, चिकटवा, मग कापा

पेन्सिल हातात देण्याची घाई सगळ्यांना असते. त्याआधी बोटांत जोर यायला हवा आणि तो कागद फाडून येतो. क्रम असा ठेवा:

आधी वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या फाडायच्या. मग घोटीव कागदाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. मग तुकड्यांच्या गोळ्या वळायच्या, पण तळहातात न वळता अंगठा आणि दोन बोटांत. पुढे त्या एका मोठ्या आकारात चिकटवायच्या. आंबा, छत्री, मासा असा साधा आकार तुम्ही एका रेषेत काढून द्या, बस्स. कात्री त्यानंतर: पहिल्यांदा दोन बोटं रुंदीची पट्टी धरून नुसते कचाकच तुकडे, मग सरळ रेषेवर, मग नागमोडी, आणि गोल सगळ्यात शेवटी. गोल कापताना कात्री फिरवायची नसते, दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा असतो. हे एकदा शेजारी बसून, न बोलता, अगदी सावकाश करून दाखवा.

चिकटवायला घरचीच खळ करा. ३ मोठे चमचे मैदा आणि पाऊण वाटी गार पाणी, गुठळ्या मोडून मंद गॅसवर ढवळत राहायचं. पांढरं पातळ मिश्रण घट्ट होऊन जरा काचेसारखं दिसू लागलं की उतरवा. गार झाल्यावर मूल बोटाने लावतं, ब्रश लागत नाही. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, कीड लागू नये म्हणून. आजी सुचवतील. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात नको, ते विषारी आहे. फ्रिजमध्ये ठेवा, वास बदलला की टाका. पावसाळ्यात ती बाहेर दोन दिवसही टिकत नाही.

आणखी एक सापळा: डाळी-तांदूळ चिकटवून केलेली चित्रं. इंटरनेटवर फार छान दिसतात. आपल्या दमट हवेत महिन्या-दोन महिन्यांत त्यांना किडे लागतात आणि ते किडे मुक्काम हलवून थेट तांदळाच्या डब्यात जातात. धान्य चिकटवलंच तर फोटो काढा आणि त्याच आठवड्यात चित्राला निरोप द्या.

५. कणीक आणि माती

बाजारच्या रंगीत क्लेऐवजी पोळ्यांच्या कणकेचा गोळा रोज द्या. सकाळी पोळ्या करताना शेजारी पोळपाट घालून बसवलं की वेगळा वेळही काढावा लागत नाही. वळ्या, गोळ्या, लाट्या, साप, मोदक. ज्याच्या हाताला वळी नीट वळता येते त्याला पुढे अक्षराचं वळण सोपं जातं, असा माझा अनुभव.

टिकणारं काही करायचं असेल तर मिठाची कणीक: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल, आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण वाटी. हळद किंवा बीटचा रस घातला की रंग येतो. पणत्या, ताट-वाट्या, भाज्या करून पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा, रोज उलटा. हे दिवाळीपासून मेपर्यंतचं काम. जुलैत केलेली खारी पणती हवेतलं पाणी ओढून परत मऊ पडते. आणि जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला ही कणीक देऊ नका, मीठ फार असतं.

शाडूची माती गणपतीच्या आधी पिशव्यांमधून मिळते. तेव्हाच दोन किलो जास्त आणून ठेवा. वाळलेल्या वस्तू फोडून, भिजवून तीच माती वर्षभर परत परत वापरता येते. किल्ल्यासाठीही तीच: बाल्कनीच्या कोपऱ्यात खोकं, त्यावर भिजवलेलं पोतं आणि मातीचा हात. मावळे कुठे उभे करायचे यावर तुम्ही मत देऊ नका.

६. हळदीचा जादूचा कागद आणि भाज्यांचे ठसे

एकच उपक्रम करायला वेळ असेल तर हा करा. अर्ध्या वाटी पाण्यात दोन चमचे हळद कालवा. एका बाजूने कोऱ्या कागदावर मुलाने ती ब्रशने फासायची आणि कागद वाळवायचा. आता एका वाटीत कपड्यांच्या वडीच्या साबणाचं दाट पाणी, दुसरीत लिंबाचा रस. कानात घालायच्या कापसाच्या काडीने साबणाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या कागदावर रेघ ओढली की ती लाल उमटते. तिच्यावर लिंबू लावलं की परत पिवळी. साबण क्षारधर्मी, लिंबू आम्लधर्मी, आणि हळदीतलं कुर्कुमिन दोघांना वेगवेगळा रंग दाखवतं. पाच वर्षांच्या मुलाला हे शब्द नकोत. त्याला घरातल्या वाट्या हव्यात: दही? खायचा सोडा? टूथपेस्ट? टोमॅटो? प्रत्येक वेळी आधी विचारा, "लाल होईल की नाही होणार?" आणि त्याचं उत्तर चुकलं तर गप्प बसा. काडी टेकवून वाट बघण्याचे ते दोन सेकंद महत्त्वाचे. भांडी घासायच्या काही द्रवसाबणांनी लाल होत नाही, तेव्हा "का नाही झालं?" हा प्रश्नही मुलावरच सोडा. साबणाचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि पांढरे कपडे घालू नका. हळदीचा डाग पडलाच तर धुऊन कडक उन्हात टाका, उन्हाने तो उडतो.

ठशांसाठी भेंडी आडवी कापा, पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. पालकाची जुडी मुळाशी कापली की गुलाबासारखा ठसा येतो. कांदा अर्धा कापून गोल गोल रेघा. रंग पाण्यासारखा पातळ करू नका. जुना स्पंज ताटलीत ठेवून त्यावर रंग ओता म्हणजे शाईच्या पॅडसारखं चालतं. पिंपळाचं किंवा जास्वंदीचं पान उलटं ठेवून, वर पातळ कागद धरून खडू आडवा घासला की सगळ्या शिरा उतरतात. कागद हलतो तेवढा तुम्ही धरा.

पिंपळाची जाळी करायची तर पान दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवावं लागतं. डब्याला घट्ट झाकण लावा आणि पाणी बदलत राहा. उघड्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि पालिकेची माणसं पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्याही तपासतात.

७. अक्षरं आणि आकडे

ताटात पातळ थर रवा, त्यात बोटाने अक्षर. आपल्याकडची धूळपाटीच ही. ताट हलवलं की पुसलं जातं, त्यामुळे चुकण्याची भीती नाही. क्रम 'अ आ इ ई' असाच हवा असं नाही. वळणाने सोपी आणि एकमेकांसारखी अक्षरं आधी घ्या: ग म भ न, मग व ब क, मग ट ठ ढ. चार अक्षरं झाली की लगेच 'नग', 'मग', 'नभ' असे शब्द होतात आणि मुलाला वाचता येतंय असं वाटतं. वाचायला बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करायचे व्हिडिओही फुकट बघायला मिळतात, पण ते आधी तुम्ही बघा, मुलाला स्क्रीनसमोर बसवू नका.

आकड्यांसाठी चिंचोके आणि खराट्याच्या काड्या. मूठभर चिंचोके लपवून एकी की बेकी खेळा, मग मूठ उघडून जोड्या लावून बघा. काड्या दहा-दहाच्या जुड्या करून रबराने बांधा. दोन जुड्या आणि तीन सुट्या म्हणजे तेवीस, हे हातात आल्याशिवाय २३ लिहून घेऊ नका. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! घरी दोन्ही म्हणा, काड्यांना फरक पडत नाही.

ठाण्याच्या मुलाला गणिताचं सर्वोत्तम साधन स्टेशनवर फुकट आहे. पुलावर उभं राहून लोकलचे डबे मोजा. १२ की १५? १५ डब्यांची गाडी १२ वाल्यापेक्षा किती मोठी? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथेच आली होती आणि तिला १४ डबे होते, हे सांगितलं की पुढचा आठवडाभर घरात खोक्यांची गाडी चालते. गर्दीच्या वेळी मात्र नको. दुपारी १२ ते ३ बरं.

८. बाहेर : काय उचलायचं आणि काय नाही

आठवड्यातून एक सकाळ बाहेर काढा. तलावपाळी, उपवन, घोडबंदर रोडला ओवळेकरवाडीची फुलपाखरांची बाग, नवी मुंबईकरांना ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली. रोहित (फ्लेमिंगो) साधारण नोव्हेंबरनंतर दिसू लागतात. पण लहान मुलाला लांबच्या गुलाबी रेघेपेक्षा चिखलातले खेकडे आणि कांदळवनाची वर आलेली मुळं जास्त आवडतात. घाई करू नका. घरी आल्यावर आठवून चित्र काढायला सांगा, फोटो दाखवून नको.

जमिनीवर पडलेलं पान-बी सोसायटीच्या आवारातून गोळा करा. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथलं काही घरी आणायचं नाही. आणि या चार गोष्टी मुलाच्या हातात नकोत:

- गुंजा. लाल-काळी, फार मोहक, म्हणून माळेत ओवली जाते. बी चावली गेली तर जीवावर बेततं.
- कण्हेर, रस्त्याच्या दुभाजकावर सगळीकडे लावलेली. पानंफुलं सगळं विषारी.
- बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. आपण लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो असू, तरी ती बी विषारीच.
- रुई. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चिंचोके, मणी आणि घड्याळाचे बटण-सेल वरच्या फळीवर. नाकात गेलेला चिंचोका स्वतः काढायला जाऊ नका, डॉक्टरकडे न्या.

पावसाळ्यात बाहेर जाणं बंद पडलं तर सरळ काठाचा स्टीलचा डबा गच्चीत मोकळ्यावर ठेवा (किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सोबत मोठं माणूस हवंच) आणि रोज एकाच वेळी पट्टीने किती मिलिमीटर पाणी साठलं ते मोजा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही तीच वेळ धरा. मोजून झालं की पाणी ओतून टाका. भिंतीवर रोज तेवढ्या उंचीची निळी पट्टी चिकटवत जा. पट्टी कापणं मुलाचं काम.

९. दिवस आणि फाइल

बसून करायचं काम दिवसाला पाऊण ते एक तास, तेही सलग नको. बाकी शिकणं भाजी निवडण्यात, कपड्यांच्या जोड्या लावण्यात, भाजीवाल्याशी सुटे पैसे मोजण्यात होतं. दोघंही नोकरी करत असाल तर सकाळची परात आणि रात्रीची गोष्ट एवढं धरा. दुपार आजी-आजोबांच्या हातात असेल तर त्यांना यादी देऊ नका. त्यांना सागरगोटे, पत्ते, ठिपक्यांची रांगोळी येत असते. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत इतर मुलं असतात ती वेळ कशासाठीही मोडू नका, घरी शिकणाऱ्या मुलाची ती मधली सुट्टी आहे.

मूल "नको" म्हणालं तर सामान उचलून ठेवा आणि स्वतः शेजारी काहीतरी करत बसा. बऱ्याचदा ते येतं. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी तीच परात.

फाइलसाठी साधी बॉक्स फाइल पुरे. महिन्याला चार-पाच कागद ठेवा, मागे तारीख आणि मुलाने त्याबद्दल काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत. कणकेचे, किल्ल्याचे फोटो महिन्यातून एकदा छापून आणा, फोनमध्ये ते हरवतात. बिघडलेले कागदही ठेवा. उद्या एखाद्या मुख्याध्यापकांसमोर बसायची वेळ आली तर जूनमधला फाटका कागद आणि मार्चमधला रेषेवर कापलेला कागद शेजारी शेजारी ठेवता आले पाहिजेत.

बाकी काही मागवायच्या आधी आजच्या पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा बाजूला काढा.